दुसरं यंत्र जागं आहे

"ओढायचं नाही. ओढलं की कापड चुरगळतं. एकेक टाका उसव, सावकाश."

आवाज थोरलीचा, पण आजचा नव्हे. धाकटी शाळेत होती, फ्रॉकला बाही उलटी लावून बसली होती, तेव्हाचा. त्या दिवशी थोरलीने तिच्या हातात बारीक कात्री दिली होती आणि सगळी बाही निघेपर्यंत शेजारून हलली नव्हती. आज धाकटी थोरलीच्याच शिवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर कापड नव्हतं, लॅपटॉप होता, आणि पडद्यावरच्या लांबलचक यादीतली एकेक ओळ निवडून ती बंद करत होती. एका झटक्यात सगळं बंद करता आलं असतं. पण प्रोग्रॅमच्या त्या चालू प्रतींपैकी एखादी त्याच क्षणी फाइलमध्ये काही लिहीत असली, तर अर्धं वाक्य हवेत लोंबकळत राहायचं. म्हणून ती थांबायची, प्रत गप्प झाली की तिला मिटायची, आणि पुढच्या ओळीवर जायची.

लॅपटॉप इस्त्रीसारखा तापला होता. आतला पंखा घोंघावत होता.

"दळण टाकलंय का गं आत?" थोरलीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"टाकलं होतं. काढतेय."

"आठवडाभर असंच चाललंय. मी वरून ओलं फडकं ठेवणार होते. म्हटलं नको, आपल्या बाईसाहेब ओरडतील."

"फार उपकार झाले तुझे."

"ते तर आहेतच," थोरली म्हणाली आणि नळ सोडला.

धाकटी हसली, पण तिचे डोळे यादीवरून हलले नाहीत. यादी संपतच नव्हती. एकच प्रोग्रॅम, तिने स्वतः लिहिलेला, आणि त्याच्या डझनावारी प्रती. सगळ्या पडद्यामागे, एकाच फोल्डरवर डोळे लावून बसलेल्या.

फोल्डर थोरलीच्या पुस्तकाचा होता. जन्मभर तिने बायकांना शिवण शिकवलं. शिकवणं सुटल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून ती पुस्तक लिहायला बसली. जिला सुईत दोरा ओवता येत नाही तिनेही वाचावं आणि शेवटी अंगात घालता येईल असं काही शिवावं, असं पुस्तक. ती दोन बोटांनी टाइप करायची, पण एकदा बसली की तासन्‌तास बसायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती पडली. वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढताना स्टूल सरकलं. फोन दुसऱ्या खोलीत. दुपारी एक जुनी विद्यार्थिनी सहज डोकावली तोवर ती तशीच जमिनीवर, ताग्यावर डोकं टेकून. मनगट सांधलं, पण धाकटीच्या मनातली ती सकाळ काही सांधेना. आपण ऑफिसात कॉफी पीत होतो आणि ताई जमिनीवर होती, हे आठवलं की हातातली कॉफी खाली ठेवावीशी वाटे. तिने आणि नवऱ्याने मागची खोली रिकामी केली, भिंती रंगवल्या, पलंग आणला. थोरलीने येऊन खोली पाहिली, खिडकीची वाखाणणी केली आणि संध्याकाळच्या बसने परत गेली.

"माझं घर मला पाठ आहे," ती म्हणाली. "दिवे गेले तरी मी कपाटातून नेमका हिरवा दोरा काढते. तुझ्याकडे मला पाणी प्यायचं तरी विचारावं लागेल, पेला कुठाय म्हणून."

बरीच ओढाताण झाली, दोन रविवार अबोल्यात गेले, आणि मग तोड निघाली. धाकटी ज्या ऑफिसात काम करायची तिथे हेच काम चाले: एका कम्प्युटरवर फाइलमध्ये बदल झाला की तो दुसरीकडे जसाच्या तसा पोचवायचा, आणि प्रत्येक बदलाची आपोआप नोंद ठेवायची. तसाच एक छोटासा प्रोग्रॅम तिने घरच्यासाठी लिहिला. थोरलीने पुस्तकात काहीही लिहिलं, खोडलं, की थोड्या वेळाने नोंद होणार, आणि ती धाकटीला दिसणार.

"नोंद आली की मी समजेन तू ठणठणीत आहेस," तिने सांगितलं होतं. "दिवसभरात एकही आली नाही, तर मी येणार. आणि या खेपेला सामान बांधून नेणार."

"मान्य," थोरली म्हणाली होती. "पण नोंद येतेय तोवर खोलीचा विषय काढायचा नाही. देवाला स्मरून सांग."

धाकटीने सांगितलं होतं. आणि शब्द पाळला होता. ऑफिसात पडद्याच्या कोपऱ्यात नोंद झळकली की तिचे खांदे आपोआप सैल व्हायचे. गेले काही आठवडे तर नोंदींचा नुसता पाऊस पडत होता. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. "ताईला लिखाणाचं वारं लागलंय," तिने नवऱ्याला कौतुकाने सांगितलं होतं. मग काल थोरलीचा फोन आला की कम्प्युटर किंचाळतोय, आणि आज पहिल्या बसने ती इथे आली.

शेवटून दुसरी प्रत मिटली. पंख्याचा सूर उतरला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की बाहेरच्या दोरीवर फडफडणारी चादर ऐकू आली.

"हुश्श," थोरली दारात आली, हात पुसत. "केलंस काय?"

"गर्दी कमी केली." धाकटीने खुर्ची वळवली. "बाहीचं प्रकरण मात्र जोरात चाललेलं दिसतंय हं. केवढ्या नोंदी!"

"कसलं जोरात? अडलंय ते. कितीतरी दिवसांत एक अक्षर लिहिलं असेल तर शपथ."

"एकही नाही?"

"अगं, बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा, म्हणजे खांद्याशी बाही लागते त्या भोकापेक्षा, जरा मोठा ठेवायचा, आणि चुणी न पडता तो मुंढ्यात बसवायचा. हाताला येतं ते. शब्दांना येत नाही. मोठा गोल लहान भोकात बसेलच कसा, असं वाचणारी विचारणार. म्हणून मी लिहिणं सोडून कागदाच्या बाह्या कापत बसलेय. ते बघ."

खिडकीखाली टोपलीत वर्तमानपत्राच्या बाह्यांचा ढीग होता. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिचा हात टेबलाच्या कडेवर जाऊन थांबला.

एक अक्षर नाही. मग त्या नोंदी कुणाच्या?

तिला समजायला वेळ लागला नाही. हे तिचं रोजचंच काम. प्रत्येक प्रत फोल्डरमध्ये आपली हजेरीची खूण ठेवत होती. त्या खुणेला दुसरी प्रत बदल समजायची आणि नोंद करायची. त्या नोंदीला तिसरी बदल समजायची. एखाद्या गल्लीत एकीने खिडकी उघडली म्हणून दुसरीने उघडली, दुसरीने का उघडली म्हणून तिसरीने, आणि रस्त्यात घडलेलं काहीच नाही. असं आठवडेच्या आठवडे चाललं होतं. आणि ती ऑफिसात बसून म्हणत होती, ताई लिहितेय.

म्हणजे ताई पुन्हा पडली असती, तरी नोंदी येत राहिल्या असत्या.

"अशी पांढरी का पडलीस?" थोरली म्हणाली. "काही खाऊन निघाली नाहीस ना? बस, चहा टाकते."

ती आत गेली. धाकटी तशीच बसून राहिली, आणि पहिल्या भीतीच्या पाठीवर दुसरी येऊन बसली. ही जरा अंगात भिनणारी होती. एवढ्या प्रती आल्या कुठून? प्रोग्रॅम एकदा सुरू केला की झालं. तिने स्वतः सांगितलं होतं, "एकदाच सुरू करायचा, आणि मग विसरून जायचं. कम्प्युटर बंद करायचा नाही, नुसतं झाकण मिटायचं." आणि यादीत प्रत्येक प्रतीपुढे ती कधी सुरू झाली ते मघाशी दिसलं होतं. रोज सकाळी एक. एकही सकाळ न चुकता, नवी एक. जणू कालची सकाळ झालीच नव्हती.

ताई रोज विसरतेय.

आता तिला खोलीभर पुरावे दिसायला लागले. टाचण्यांची डबी पुस्तकांच्या कपाटात. एकाच जोडाच्या चपला दोन खोल्यांत. टेबलावर दोन कप, दोन्हींत तळाशी सुकलेला चहा. खरं म्हणजे या घरात टाचण्या पूर्वीपासून कुठेही सापडत, अंथरुणातसुद्धा. पण आज तिला ते आठवलं नाही.

खिशात फोन थरथरला. नवरा.

"काय झालं होतं कम्प्युटरला?"

"सांगते घरी आल्यावर." मग तिने आवाज खाली आणला. "ताई विसरायला लागलीय रे."

"खोली तयारच आहे," तो हळू म्हणाला. "आज विचार. पण नीट विचार हं, हुकूम सोडू नकोस. दोघी बहिणी एकाच मुशीतल्या."

"साखर किती?" आतून हाक आली.

"एक चमचा."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली, तर थोरली पुन्हा म्हणाली, "साखर एक ना?" आणि धाकटीने तेही पुराव्यांत जमा केलं.

दोघी खिडकीशी बसल्या. थोरलीने चष्मा डोक्यावर ढकलला होता. धाकटीने दोन घोट घेतले, कप फिरवला, आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "ताई, आज वार कुठला गं?"

थोरलीने कप बशीत ठेवला.

"का? तुझ्या फोनमध्ये नाही का?"

"सहज."

"आणि परवा काय जेवले तेही सांगू का सहज? परीक्षा घेतेस माझी?" तिने चष्मा खाली ओढून नाकावर बसवला. "रविवार आहे. तुझं लग्न झालं तेव्हाही रविवार होता, आणि तू दोन्ही पायांत एकाच पायाच्या चपला घालून निघाली होतीस. तिसरीत तू पिवळा फ्रॉक कुंपणात फाडलास आणि मांजराने फाडला म्हणून सांगितलंस. आपल्याकडे मांजर नव्हतं. अजून हवं?"

"बास, बास."

"साखर दोनदा विचारली, तेच ना? तू गेल्या वेळी एक म्हणालीस आणि माझ्या कपातून चमचाभर उचललीस. म्हणून विचारलं."

एरवी धाकटी खदखदून हसली असती. आता तिने कप बाजूला सारला आणि थोरलीच्या मनगटावर हात ठेवला, तेच सांधलेलं मनगट.

"ताई, रागावू नकोस. तू तो प्रोग्रॅम रोज सकाळी नव्याने सुरू करतेस. आदल्या दिवशीचा चालूच असतो. एकावर एक, एकावर एक साठत गेले, म्हणून हा पंखा. रोज करतेस, ताई. एकही दिवस चुकलेला नाही. तुला आठवत नाही का, की काल केलाय?"

बाहेर चादर फडफडली. थोरलीने आपला हात हळूच सोडवून घेतला. रागाने नाही, कप बशीतून हलवायचा होता म्हणून.

"म्हणजे खोली आली म्हणायची," ती म्हणाली.

"मी खोलीचं नाव काढलं नाही."

"तोंडावर लिहिलंय. रंगासकट." मग ती उठली. "न आठवायला काय झालं? चालू असतो हे मला चांगलं माहितीये. खाली कोपऱ्यात तो हिरवा ठिपका असतो ना? तो असला की चालू. तूच सांगितलंस."

"मग?"

"मग काय मग?"

"मग पुन्हा का सुरू करतेस?"

थोरलीच्या चेहऱ्यावर, इतक्या वर्षांत धाकटीने कधी पाहिला नव्हता असा, चोरी पकडली गेलेल्या मुलीचा भाव आला. ती टेबलाशी गेली, लॅपटॉप स्वतःकडे ओढला, उजव्या हाताचं पहिलं बोट उंच धरलं आणि आयकॉनवर दोनदा टिचकी मारली. पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट उघडली. धाकटीने ती ओळखली. प्रोग्रॅम लिहिताना, दोन्ही कम्प्युटर एकमेकांना दिसताहेत की नाही ते तपासायला, तिने ती चौकट चाचणीपुरती घातली होती. काढायची राहून गेली होती. चौकटीत दोन ओळी होत्या.

काम सुरू झालं.
दुसरं यंत्र जागं आहे.

क्षणभर राहिली आणि चौकट आपली आपण मिटली.

"ही," थोरली म्हणाली. "ही फक्त सुरू करतानाच दिसते. नंतर हुडकून हुडकून थकले, कुठेच नाही. मग काय करणार? रोज सुरू करते. सकाळी उठते, हात जोडते, खिडकी उघडते, आणि मग हे. दुसरं यंत्र म्हणजे तू. हो ना?"

"हो," धाकटी म्हणाली. "म्हणजे, माझ्या घरचं."

"तेच ते. ती ओळ आली की मला कळतं, उठली एकदाची बाई. मग मी माझ्या कामाला लागते. तुला रोज फोन केला तर तू म्हणणार, ताई, मीटिंगमध्ये आहे. आणि मी बोलणार तरी काय रोज? उठलीस का, एवढंच तर विचारायचं असतं."

धाकटी चौकट होती त्या जागेकडे बघत राहिली.

"तुला ताप आला होता ना मागे," थोरली बोलत होती. "जावईबुवांनी सांगितलं, अंथरुणावरच आहे म्हणून. मी तर निघालेच होते. पिशवीसुद्धा भरली होती. मग म्हटलं आधी ओळ बघू. तर होती. दुसऱ्या दिवशीही होती. म्हटलं, पुरुषमाणूस उगाच घाबरतो, उठतेय-बसतेय ती. पिशवी परत रिकामी केली."

त्या आठवड्यात धाकटी उठली नव्हती. बाथरूमपर्यंत जायला नवऱ्याचा खांदा लागत होता. तिचा घरचा कम्प्युटर कपाटातल्या खालच्या कप्प्यात कायम चालू असे, आणि त्याच्यावरचा प्रोग्रॅम रोज पहाटे, तिनेच लावून दिलेल्या वेळेला, यंत्र जागं आहे असं आपण होऊनच कळवायचा. घरात कुणी असो, नसो. ती गावाला गेली तेव्हाही कळवत होता. इकडे या प्रती, तिकडे ते वेळापत्रक. दोघींची यंत्रं एकमेकांना खुशाली कळवत होती, आणि दोघी बहिणी आपापल्या जागी निश्चिंत होत्या.

"ताई, ती ओळ—"

"काढू नकोस हं," थोरली पटकन म्हणाली. "पंखा काढ, ठिपका काढ, काय हवं ते काढ. तेवढी ओळ राहू दे. आणि तू इतक्या पहाटे उठतेस याचं मला फार कौतुक वाटतं. लहानपणी तुला उठवायला तांब्याभर पाणी ओतावं लागायचं. आई म्हणायची, ही सासरी नाव काढणार आपलं. आई असती तर दाखवलं असतं तिला, म्हटलं असतं, बघ, तुझी लेक माझ्याआधी उठते."

धाकटीने कप उचलून तोंडाला लावला. त्यात चहा नव्हता. तरी तिने तो जरा वेळ तिथेच धरून ठेवला.

"नाही काढणार," ती म्हणाली.

"शब्द दे."

"दिला. रोज सकाळी येईल ती. मी स्वतः बघेन."

थोरलीने मान डोलावली, विषय संपल्यासारखी. जणू एखाद्या विद्यार्थिनीने काखेतली शिवण नीट घालीन म्हणून कबूल केलं होतं.

मग धाकटीने काम केलं. ऑफिसात ती दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधली हीच चूक रोज शोधून द्यायची: दाराला आतून कडी हवी, एक प्रत आत असेल तर दुसरीने बाहेरूनच परत जावं. आपल्या घरच्या दाराला मात्र तिने कडीच घातली नव्हती. विसरली होती ती. थोरली नव्हे. तिने कडी घातली. प्रोग्रॅमने स्वतःच्या खुणांना बदल समजू नये, माणसाच्या बोटाने काही हललं तरच नोंद करावी, तेही बसवलं. आणि दुसऱ्यांदा टिचकी मारली तर नवी प्रत उघडणार नाही, पण चौकट तेवढी उघडेल, असं केलं. ओळीत बदल केला नाही. थोरली शेजारी बसून कागदाच्या बाहीला दाभण-दोऱ्याने लांब लांब टाके घालत होती.

"आता तुझ्याकडूनही एक कबुली हवी," धाकटी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

"बघ, आली का वसुलीला!"

"रोज काहीतरी लिही. एक शब्द का होईना. आता नोंद तुझ्या हाताशिवाय व्हायची नाही."

"आणि अडलं असेल तर?"

"'अडलं' असं लिही."

"पुस्तकात? 'बाही लावताना लेखिकेचं अडलं'?"

"नंतर काढून टाकू. मी त्या सगळ्या बारीक नोंदी शेवटी एकत्र करून एकच पक्की करते. मधल्या कुणाला दिसतही नाहीत."

"म्हणजे कच्चा टाका," थोरली म्हणाली. "मग तसं सांग की आधीच. कच्च्या टाक्याला मी कधी नाही म्हटलंय?"

तिने दोऱ्याचं टोक हलकेच ओढलं. कागदाचा मोठा गोल आखडत, आखडत, एकही चुणी न पडता दुसऱ्या कागदाच्या मुंढ्यात जाऊन बसला. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"हे असंच लिही ना," धाकटी म्हणाली. "'दोरा हलकेच ओढा आणि बघत राहा.'"

"'बघत राहा' काय? स्वयंपाक आहे का तो?" थोरली म्हणाली. पण तिने लॅपटॉप स्वतःकडे घेतला, आणि दोन बोटं कामाला लागली. थोड्या वेळाने धाकटीच्या फोनवर एक नोंद झळकली. एकच. तिने ती वाचली नाही. नुसती बघितली, आणि फोन पिशवीत टाकला.

निघताना थोरलीने दाराशी विचारलं, "मग, खोलीचं?"

"कुठली खोली?" धाकटी म्हणाली.

बसमध्ये नवऱ्याचा फोन आला. "काय ठरलं? विचारलंस?"

"तुला सायकल ठेवायला जागा हवी होती ना? मागच्या खोलीत ठेव."

"म्हणजे ताई...?"

"ताई ठीक आहे. तुझ्या बायकोपेक्षा ठीक आहे. विसरले ते मी."

"पलंगाचं काय करायचं पण?"

"राहू दे. पाहुणी म्हणून आली तर लागेल. बाही संपली की चार दिवस येते म्हणालीय, पण पेला आपला आपण आणणार."

तो हसला. तिने खिडकीच्या काचेला डोकं टेकलं. थोरलीने पिशवीत काय काय भरून दिलं होतं त्याचा वजनदार बोजा मांडीवर होता, उन्हं उतरली होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिला कशाचीही घाई नव्हती.

घरी पोचल्यावर तिने पाय धुतले आणि आधी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातला कम्प्युटर निमूट चालला होता. पहाटेची वेळ लावून दिलेली ओळ तिने शोधली, वाचली आणि पुसून टाकली. आता तिच्या बाजूने काहीच आपोआप जाणार नव्हतं. कुणीतरी येऊन, बसून, हाताने कळवलं तरच ते यंत्र जागं म्हणून दिसणार होतं. ताईला तिने हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ताई म्हणाली असती, मग राहू दे गं, झोप तू. आणि तेच तिला नको होतं.

जेवताना तिने गजर लावला. नवऱ्याने तिच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून पाहिलं.

"विमान पकडायचंय?"

"नाही."

"मग ही कसली वेळ? या वेळेला कोंबडासुद्धा कूस बदलून झोपतो."

"तू झोप. तुला नाही उठवणार."

"तू उठणार?" त्याने विचारलं. त्यात चेष्टा होती, पण तिचा चेहरा पाहून त्याने पुढे काही जोडलं नाही. ताटं उचलली आणि आत गेला.

गजर वाजला तेव्हा खिडकीच्या पडद्याला नुसती कडेने फट उजळली होती. धाकटीचा हात सवयीने बाहेर आला आणि फोन गप्प केला. पांघरुणात ऊब होती. डोळे पुन्हा मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे कुठेतरी खिडकी उघडल्याचा आवाज झाला, आणि एक बोट उंच उचललेलं दिसलं.

तिने पाय जमिनीवर टेकवले. फरशी गार होती.

"कुठे?" नवरा उशीतून पुटपुटला.

"आलेच."

चपला सापडल्या नाहीत, तशीच ती निघाली. कपाटापाशी तिने स्टूल ओढलं, दार सावकाश उघडलं, मोकळे केस मागे सारून बांधले आणि कीबोर्ड मांडीवर घेतला.